तेलाचं बोट

बबिताचा राग गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होता, पण त्या सकाळी तो आला तसा आजवर कधी आला नव्हता.

तिच्या लेकीचा, निकिताचा वाढदिवस होता. केकचं मिश्रण कालवून तयार होतं, शिट्टी आणि रिंग काढलेला कुकर गॅसवर तापत होता. बबितानं फळीवरचा स्टीलचा डबा खाली घेतला, त्यातून निळा साचा काढला आणि तिचं बोट सुळकन घसरलं. साचा कोरडाठाक असायला हवा होता. तिनं तो नाकाशी नेला. घाण्याचं तेल! तेही शेंगदाण्याचं!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ज्याला ठाऊक नाही त्याला वाटेल, तेलच तर आहे, बाई एवढी का पेटली? तर ऐका. निकिताला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. मागच्या वर्षी पाथरीला एका लग्नात कुणीतरी लाडानं चिक्कीचा तुकडा दिला, आणि पंगत उठायच्या आत पोरीचे ओठ फुगले, डोळे मिटत चालले, श्वासाची शिट्टी वाजायला लागली. जीप करून परभणी गाठली म्हणून लेकरू हाती लागलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही. दाणा नको, कूट नको, घाण्याचं तेल नको, ते लागलेलं भांडंसुद्धा नको. आता बोला! या परभणी जिल्ह्यात भाजीत कूट, खिचडीत कूट, ठेच्यात कूट. इथं पोरीला शेंगदाण्यापासून जपायचं म्हणजे तळ्यात उभं राहून पाय कोरडे ठेवायचे.

तरी बबितानं ठेवले होते. निकिताचा तवा वेगळा, पळी वेगळी, आणि हे सिलिकॉनचे निळे साचे वेगळे. पोरीची इडली त्यात, केक त्यात. साचे घेतानाच तिनं भर दुकानात एकेक पिळून पाहिला होता. पिळल्यावर पांढरी रेघ उमटली तो भेसळीचा म्हणून दुकानदाराच्या पुढ्यात परत टाकला होता. साच्याला ती सुरी लागू द्यायची नाही, तारेची घासणी तर दूरच. कुकरमध्ये तो ताटलीत बसवायची, थेट जाळावर कधीच नाही. गरम पाण्यात साबणाचा फेस करून मऊ फडक्यानं धुवायची आणि सावलीत पालथा घालून वाळवायची. दिसायला मऊ, पण हे साचे तेल आणि वास धरून बसतात आणि सोडता सोडत नाहीत, हे तिनं घरात शंभरदा सांगितलं होतं. घरानं शंभरदा हसण्यावारी नेलं होतं.

"साचे हायेत का देव?" असं धाकटी जाऊ प्रियांका म्हणायची. म्हणून पहिला तडाखा तिलाच बसला.

"प्रियांके! निळ्या साच्यात काय थापलंस गं तू?"

"म्या? म्या तुमच्या साच्याला बोट बी लावलं न्हाई, ताई."

"मग हे तेल काय आभाळातून पडलं? रविवारी इडली खाल्ली आन् पोरीचा ओठ सुजला. एकेकाला विचारत फिरले मी. तूच म्हणलीस ना, मिरची लागली असंल म्हणून?"

"माझ्या लेकराची शपथ घेते—"

"शपथ ठेव बाजूला! खरं बोल!"

प्रियांकाचे डोळे भरले, पण तीही याच घरातली, मुकाट्यानं ऐकून घेणारी नव्हती. "घरात काय बी झालं की माझंच नाव! तुमच्या भ्यानं शेंगा भाजायच्या सोडल्या म्या. मायेरी जाऊन खाते, येताना चूळ भरून येते. आन् वरून चोर बी मीच?"

चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. पण ते बबिताला तेव्हा कुठून कळावं?

तेवढ्यात अंगणातून सासूबाई आल्या. कस्तुराबाईंच्या हातात तुळशीला घातलेल्या पाण्याचा रिकामा तांब्या होता. "कशाला भांडायलात गं सणासुदीच्या दिशी?" त्या म्हणाल्या. "तेल म्या लावलंय."

दोघी सुना त्यांच्याकडे वळल्या.

"लय कोरडं पडलं व्हतं ते रबर. कोरडी वस्तू तडकती. म्हणून धुतल्यावर तेलाचं बोट फिरवून ठिवायलेय."

झालं! या घरात कोणतीच वस्तू कोरडी फळीवर चढत नसे. तवा, विळी, सोऱ्या, अडकित्ता, सगळ्यांवरून कस्तुराबाईंचं तेलाचं बोट फिरायचं. त्यांच्या आईनं त्यांना तसं लावून दिलं होतं. वस्तूला तेल न लावणारी बाई त्यांच्या लेखी आळशी. आणि नातीचे साचे म्हटल्यावर त्यांनी दुकानातलं पिशवीचं तेल वापरलं नव्हतं. घाण्यावरून आणलेलं, चोख, वासाचं तेल वापरलं होतं.

"कवापासून?" बबिताचा आवाज एकदम खाली आला. ती ओरडत असते तेव्हा फार भ्यायचं कारण नसतं, आवाज खाली आला की भ्यावं.

"झाले असतील आठ-धा दिस. रविवारची इडली बी म्याच लावली व्हती."

"आत्या, तुमी माझ्या पोरीला मारायलात!"

"अगं बाई!" कस्तुराबाईंनी तांब्या खाली ठेवला. "काय बोलायलीस? म्या तिला कवा दाणा दिला? तू सांगितल्यापासून एक दाणा दिला न्हाई म्या!"

"दिला न्हाई, पण पोटात घातला! बोटावरून साच्याला, साच्यातून इडलीला, इडलीतून तिच्या पोटात. रविवारी ओठ सुजला तवा तिचं तोंड कोण धुतलं? तुमीच ना? ह्याच हातानं?"

 कस्तुराबाई आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या.

बबितानं पाणी उकळलं. साबण घातला, साचा बुडवला, चोळला, पुन्हा बुडवला. वास घेतला. होताच. परत चोळायला घेतला, तर दारातून कुणीतरी हाक मारली आणि ती जरा वेळ बाहेर गेली. परत येते तर मोरीत सासूबाई बसलेल्या, आणि त्यांच्या हातात राख आणि तारेची घासणी! चूक निस्तरायची म्हणून त्या म्हाताऱ्या जिवानं जीव तोडून साचा घासला होता. निळ्या अंगावर ओरखडेच ओरखडे उठले होते.

"झालं समाधान?" बबिता किंचाळली. "आता चिरी-चिरीत तेल मुरंल!" तिनं कात्री घेतली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत साच्याचे तुकडे केले. मग डब्यातले उरलेलेही काढले, तेही कापले. कस्तुराबाईंना ते बघवेना. चांगली वस्तू मोडायची म्हणजे त्यांच्या दृष्टीनं पापच.

दारात नवा झगा घातलेली निकिता उभी होती. "आई, माझा केक?"

आणि नेमके तेव्हाच किशनराव आले. चुलत सासरे. ओटीवरूनच हसत आले, कारण आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता. भाजलेल्या शेंगा या माणसाच्या खिशात बारा महिने, फोडत चालायचं आणि टरफलं टाकत यायचं.

"काय वैनी, साच्यावरनं लढाई?" ऐकून घेऊन त्यांनी मान हलवली. "आमच्या काळात न्हवती ही थेरं. उगं लाडानं नाजूक करून ठिवलंय लेकरू. जरा जरा दिलं की सवय लागती." हे डॉक्टरला कळलं नव्हतं, यांना कळलं! त्यांनी शेंग फोडली, दाणा चिमटीत धरला आणि निकितापुढे वाकले. "खा गं माय. एका दाण्यानं काय व्हतंय?"

निकितानं तोंड घट्ट मिटलं आणि मागं सरकत गेली. मागं भिंत आली. चिमूट तिच्या ओठाजवळ पोचली.

फाट्‌कन आवाज झाला. बबितानं त्यांच्या हातावर असा फटका मारला की दाणा उडून चुलवणाच्या कोपऱ्यात गेला.

"सुनेनं हात उचलला!" किशनरावांचा चेहरा लालबुंद झाला. "वैनी, बघितलं का? हिच्या नवऱ्याला, हरिओमला पूर्ण्याहून येऊ द्या, बघतो त्याला! आधी हिला माफी मागायला लावा!"

"मागणार न्हाई," बबिता म्हणाली. "हात फिरून पुढं आला तर फिरून मारीन."

सगळ्यांनी कस्तुराबाईंकडे बघितलं. या घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्या मोरीतून उठल्या, गुडघ्यावर हात टेकत आल्या आणि नातीच्या पुढे उभ्या राहिल्या.

"भाऊजी, तो दाणा उचला."

"आँ?"

"खाली पडलेला दाणा उचला. वाटंतली टरफलं बी. खिसा रिकामा करा, हात धुवा, मग बसा. न्हाईतर जावा."

 किशनराव दाणा न उचलता, फाटक आपटून गेले. दाणा प्रियांकानं कागदात धरून बाहेर टाकला. जागा साबणानं पुसली, कुणी न सांगता.

"प्रियांका," बबिता तिच्याकडे न बघता म्हणाली, "तुला उगंच बोलले."

"बोललात खरं." प्रियांकाचा राग गेला नव्हता. तरी तिनं आपल्या पेटीतून लग्नातला कोरा स्टीलचा डबा काढला, अजून कंपनीचा कागद न निघालेला. "ह्यात लावा केक. ह्याला कुणीच हात लावलेला न्हाई."

केक फुगला. एका बाजूनं जरा करपला, पण फुगला. निकिता पाटावर बसली. बबितानं तुपाचं निरांजन लावलं. घरातल्या थोरल्या बाईनं ओवाळायचं, कुंकू लावायचं आणि पहिला घास भरवायचा, ही या घरची रीत. आजपर्यंतचे सगळे वाढदिवस कस्तुराबाईंनीच ओवाळले होते.

त्या पुढे आल्या, पण तबक उचललं नाही. सुनेसमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. धुऊन धुऊन बोटं पांढरी पडली होती.

"वास घे," त्या म्हणाल्या.

बबितानं वाकून वास घेतला. साबणाचा वास होता, लिंबाचा होता, आणि त्याखाली, नखांच्या कडेला, अजून तोच.

"येतोय," ती म्हणाली. तिच्या आवाजात जराही माया नव्हती. "पुन्हा धुवा."

कस्तुराबाई वळल्या. मोरीतला नळ सुरू झाला.

"आई, आजी कवा येणार?" निकितानं विचारलं.

"येतील."

बबिता अजून धुमसत होती. तिनं निरांजनाला तळहाताचा आडोसा धरला आणि थांबली.