हसरी टोपली

"बाई, ठमी चुकली!" भोपळ्या ओरडला. दुसऱ्यांच्या चुका पकडायची त्याला भारी हौस. स्वतःचं नाक मात्र सदा वाहतं.

जमिनीवर दोन टोपल्या होत्या, एकीवर हसरा चेहरा, दुसरीवर रडका. दात घासणारी मुलगी, साबणाचे हात, सफरचंद हसरीत जायचं. नखं खाणारा मुलगा, गोळ्यांचा ढीग, सिगारेट रडकीत. पुठ्ठ्यावरची ही सगळी चित्रं बाईंनी स्वतः काढलेली. शिशुवर्गात त्यांचा उभा जन्म गेला होता. दातांचा भलामोठा पुठ्ठा काखोटीला मारून फिरायच्या म्हणून गल्लीत त्यांना दातवाल्या बाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

ठमीने सिगारेटचं चित्र हसऱ्या टोपलीत टाकलं होतं.

"ठमे, धूर चांगला असतो का गं?"

"नाही."

"मग हे चित्र कुठे जाणार?"

"हसरीत."

"असं का बरं?"

"मग बाबा पायरीवर बसतात."

ठमीचा बाप रंगारी होता. गेल्याच महिन्यात छातीच्या दुखण्याने गेला. बाईंना ते ठाऊक होतं, तरी हात सवयीने पुढे झालाच. त्यांनी चित्र उचलून रडक्या टोपलीत ठेवलं. ठमीने ते निमूटपणे काढलं आणि परत हसरीत ठेवलं. पुन्हा बाईंनी हलवलं, पुन्हा तिने. ठमी रडली नाही की हट्टाला पेटली नाही. घरातली एखादी वस्तू जागेवर ठेवावी तशी ठेवत राहिली. शेवटी बाईंनीच "चला, हात धुवायला" म्हणून वेळ मारून नेली.

शाळा सुटल्यावर ठमी दारात पायरीवर जाऊन बसली. तिची आई शिंप्याकडे कामाला, तिला नेहमीचाच उशीर. आली तेव्हा तिच्या बाहीला दोरे चिकटलेले होते. बाईंनी तिला आत बोलावलं.

"अगं, ही पायरीचं काय म्हणते?"

"ते होय." आई जरा ओशाळली. "हे कामावरून आले की पायरीवर बसून ओढायचे. तेवढाच काय तो जिवाला निवांतपणा. ही शेजारी जाऊन बसायची. काय बोलायचे दोघं, देव जाणे."

"मग?"

"मग तुम्ही शिकवलंत ना, घरात कोणी ओढलं तर सांगा, धूर नको, लांब जा. हिने सांगितलं की. कमरेवर हात ठेवून, अगदी तुमच्यासारखं." आईला हसू आलं. "हे म्हणाले, घ्या, तुझ्या बाईंनी मला घराबाहेर काढलं. तेव्हापासून गल्लीच्या टोकाला जाऊन ओढायचे. परत येईपर्यंत ही झोपलेली असायची."

"आणि सोडली नाही त्याने?"

"सोडतो, सोडतो म्हणायचे. तोवर दवाखाना मागे लागला."

बाई जमिनीवरची चित्रं गोळा करू लागल्या.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाई. मलाही तुम्हीच शिकवलंत. खरं तेच सांगितलंत, त्यानेच तर गेले." तिने डोळे पुसले. "पण हिला वाटतं, हिने जा म्हटलं म्हणून गेले. रोज विचारते, आता या म्हटलं तर येतील का. मी काय सांगू?"

ती तोंड धुवायला नळावर गेली. आपलं काही चुकलं असतं तर किती बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. माफी तरी मागता आली असती. पण त्यांनी खरं तेच शिकवलं होतं, आणि त्या खऱ्यापायी या पोरीच्या बापाबरोबरच्या शेवटच्या संध्याकाळी गेल्या होत्या. एवढ्या वर्षांत त्यांना शाळेत कधी रडू आलं नव्हतं. आज आलं.

त्या बाहेर आल्या. शाळेला दोनच पायऱ्या. ठमी वरच्या पायरीवर भिंतीला खेटून बसली होती. मुठीत सिगारेटचं चित्र होतं, दुमडून मऊ झालेलं.

"ठमे, तू सांगितलंस म्हणून बाबा नाही गेले गं. ते आजारी होते."

ठमीने मान डोलावली. वर्गात डोलावते तशीच, सगळं कळल्यासारखी.

"मी बसू तुझ्याजवळ?"

ठमीने शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि तिथे हात ठेवला.

"नको. इथे बाबा."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकत एक पायरी खाली बसल्या.