उंबऱ्यामागं एक माणूस

उजवी

वर्धमानशेठ मलकापूरहून घोड्यावर आले. आधी पिराच्या दर्ग्यात गेले, मग वीरगळांपाशी थांबले, आणि राईत शिरले ते सगळ्यात शेवटी. बघायची राईच होती. पण खरेदीला निघालेला माणूस हव्या त्या जिनसेकडं शेवटी बघतो.

राईत भर दुपारी संध्याकाळ होती. हिरडा, जांभूळ, अंजन, मांडीएवढे गारंबीचे वेल. देवीच्या नावानं राखलेलं रान. पडलेली काटकी उचलायची नाही, असा गावाचा नेम. देवळामागच्या फणसाकडं शेठनी बराच वेळ बघितलं. कोल्हापुरात एका सरदाराचा दिवाणखाना बांधून होत होता, त्याला फळ्या हव्या होत्या. बदल्यात देवळाला पत्र्याचं छप्पर.

"देवी देईल की," ज्ञानू गुरव म्हणाला. "उद्या कौल लावू. मूर्तीच्या दोनी खांद्यांवर दोन ओल्या कळ्या. उजवी आधी पडली की तोडा."

"आणि डावी पडली तर?"

ज्ञानू हसला. "पावणं, तुमी एवढं लांबनं आलाय."

डावी

प्लेगच्या साली गाव राईच्या कडेला खोपटांत राहत होतं. धोंडुबाईचा एकुलता पोरगा सिदू तिथंच गेला. मिसरूड फुटत होतं त्याला. आठ दिवसांची पावसाची झड, चितेला लाकूड नाही. कोरडी एकच, किंजळाची मोडलेली फांदी, राईत वेलांमध्ये अडकून राहिलेली, हाताला येईल अशी. धोंडुबाईनं पदर पसरला. ज्ञानूनं कळ्या लावल्या.

डावी.

सिदूला खड्ड्यात ठेवला. खड्ड्यात पाणी होतं.

उजवी

पण कौलाला उंबऱ्यामागं एक माणूस लागतं. एखाद्या घरचं कुणीच देवीपुढं नसेल, तर पडली ती नुसती कळी. धोंडुबाईच्या उंबऱ्यामागं आता धोंडुबाईच.

"मी यायची न्हाय."

जोतीराम पाटील स्वतः दारात आला. "काकी, देवीला छप्पर हुतंय."

"भिजू दे की तिला. माझा सिदू भिजला."

"कौल काय मानसाच्या हातात आस्तोय व्हय?"

"मग कळी ज्ञानूच्याच हातात कशाला देतासा? मी लावते. इचारते बी मीच, त्या दिशी ते लाकूड कुनासाठी राखलं हुतंस म्हणून. तेवढं हुंद्या, मग तोडा फणस."

"बाईनं कळी लावायची? देवी कोपंल."

"मग मी हितंच बसते."

पाटील उठला. जाताना उंबऱ्याकडं बघून गेला.

उजवी, परत

सकाळी राईतून ढोल वाजला. धोंडुबाई पळतच गेली. उजवी कळी मूर्तीच्या पायाशी पडलेली. माणसं नारळ फोडत होती.

"माझ्याबिगर?"

ज्ञानूनं मान खाली घातली. पाटलानं घातली नाही. "राती बैठक झाली, काकी. उंबरा म्हंजे फुडं चालनारं घर. तुजं घर सिदूसंगंच संपलं. राग धरू नगंस."

"म्हंजे मी गावची न्हाय?"

"तसं न्हाय गं. कौलापुरतं."

वर्धमानशेठ वेलांकडं बघत राहिले.

धोंडुबाई वळली ती राईत आत निघाली.

"काकी! काटकीला हात लावू नगंस, नेम हाय!"

"नेम गावाला. मी कुठं गावची?"

कुणी हललं नाही. तिला अडवायचं तर तिचा उंबरा परत धरावा लागला असता, आणि पडलेली कळी उचलून मूर्तीच्या खांद्यावर ठेवावी लागली असती.

कुठलीच नाही

किंजळाची फांदी होती तिथंच होती. वेलांनी धरून ठेवलेली, जागची न हललेली. धोंडुबाईनं दोन्ही हातांनी धरून ओढली.

आत काही नव्हतं. साल तेवढी उरलेली. बाकी सगळा भुगा, मुठीतून गळणारा, त्यात वळवळणारी वाळवी. कुणासाठी राखलं होतं ते तिला न विचारताच कळलं.

मागं फणसावर पहिला घाव पडला. तिनं पदर पसरला आणि भुगा गोळा करायला लागली.