कंडक्टरसाहेबांचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. खांबावर टांगलेला नव्हे, हातात धरून बोलायचा. माझे तोंड मोठे आहे आणि हळू बोलणे मला जन्मात जमलेले नाही. तेव्हा कानांवर हात ठेवून ऐकलेत तरी मला राग येणार नाही.

एका कारखान्यात पत्रा वाकवून माझा कर्णा केला गेला. त्याला पांढरा रंग दिला, मूठ बसवली, मुठीला तांबडा खटका लावला. एका तपासनिसाने माझ्यातून "हॅलो, हॅलो" म्हटले आणि शेजारचा कामगार दचकून स्टुलावरून पडला. मी तेव्हाच ओळखले की आपण मोठे नाव काढणार!

दुकानातून मला एका बाईंनी विकत घेतले. त्या शिवणकाम करायच्या. त्यांचा धाकटा भाऊ बसमध्ये कंडक्टर होता आणि नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला होता. आईच्या मागे या ताईंनीच त्याला वाढवले होते. मला त्याच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "निवडून ये. आणि आमच्या वस्तीत पाणी वर आण, म्हणजे झालं. मला दुसरं काही नको."

ताईंची वस्ती टेकडीवर होती. पाणी मात्र खाली, बाजाराजवळच्या नळाला. बायका भरलेली भांडी घेऊन चढ चढायच्या आणि वर पोहोचेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

काय ते आमचे दिवस होते! सायकलच्या पुढच्या दांड्याला मला टांगून कंडक्टर गल्लोगल्ली फिरायचा. त्याचा आवाज आधीच खणखणीत, त्यात माझी भर. झोपलेली म्हातारी माणसे उठून शिव्या द्यायची आणि मग हसून मतही द्यायची. तो निवडून आला. तुंबलेली गटारे त्याने उभे राहून साफ करून घेतली, अंधाऱ्या गल्लीत दिवे लावले. लोक म्हणायचे, "माणूस बोलतो तसा वागतो." ते ऐकून माझा कर्णा अभिमानाने भरून यायचा.

पुढे तो आमदार झाला आणि काही वर्षांनी प्रांताचा पाणीपुरवठा मंत्री. कंडक्टरचे कंडक्टरसाहेब झाले. आता त्यांच्या सभेला कपाटाएवढे ध्वनिवर्धक यायचे. मला कोण विचारतो? मी मोटारीच्या डिकीत, स्टेपनीच्या शेजारी जाऊन पडलो. गरज सरो, वैद्य मरो!

टेकडीवर पाण्याची नळवाहिनी टाकली गेली. उद्घाटनाची तारीख जाहीर झाली. आणि आदल्या दिवशी इंजिनिअर घाबरत म्हणाले, "साहेब, पाणी वर चढत नाही. अर्ध्यावर दुसरा पंप बसवावा लागेल. काही महिने जातील." साहेबांचा सचिव मोठा चलाख. तो म्हणाला, "निवडणूक तोंडावर आलीय. मांडवामागे टँकर उभा करू, नळाला जोडून टाकू. एका दिवसाचा तर प्रश्न आहे." साहेबांनी होकारार्थी मान हलवली. अरे देवा, ती मान हलायला नको होती!

समारंभात ऐनवेळी वीज गेली, म्हणून ड्रायव्हरने मला डिकीतून काढून आणले. साहेबांनी नळ सोडला. पाण्याची धार लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईंनी सगळ्यांच्या पुढे येऊन घागर भरली. त्यांचे डोळे भरून आले होते. साहेब माझ्यातून गरजले, "आजपासून या वस्तीला रोज पाणी!" तेवढ्यात नळ खोकला, फुरफुरला आणि त्यातून नुसती हवा येऊ लागली. टँकर रिकामा झाला होता. ताई मांडवाच्या कापडामागे गेल्या आणि परत आल्या. भरलेली घागर त्यांनी साहेबांच्या पायाशी ठेवली.

"हे पाणी तूच घेऊन जा," त्या म्हणाल्या, आणि मोकळ्या हाताने चालू लागल्या.

मित्रांनो, खोटे त्यांचे होते, पण आवाज माझा होता. मला फार लाज वाटली.

निवडणुकीत साहेब सपाटून आपटले. सचिव नव्या मंत्र्यांकडे गेला. फोन वाजेनासा झाला. मला कोणीतरी माळ्यावर फेकले, तेही बॅटऱ्या आतच ठेवून. त्या फुटल्या, पाझरल्या आणि माझे पोट गंजून गेले. ताई भावाच्या घराची पायरी चढत नव्हत्या. सगळे गेले त्याचे साहेबांना एवढे वाटले नाही, पण ताईंच्या अबोल्याने ते खचले.

एका सकाळी त्यांनी मला खाली काढले. काचकागदाने गंज घासला, नव्या बॅटऱ्या घातल्या आणि मला घेऊन टेकडी चढले. पोरांनी "टँकर आला, टँकर आला!" म्हणून हुर्यो केली. ते ताईंच्या दारासमोर थांबले आणि बोलायला त्यांनी मला तोंडाशी धरले. ताई बाहेर आल्या आणि त्यांनी मला सरळ हिसकावून घेतले.

"आजवर तू बोललास. आता जरा तोंड मिट आणि ऐक."

त्या दिवशी मी बाईच्या हातून बाईच्या हातात फिरलो. पाणी वाहून कोणाची कंबर गेली होती, कोणाची शाळा सुटली होती. बोलायला सगळ्यांनाच होते, कोणी विचारलेच नव्हते. साहेब ओट्यावर मान खाली घालून बसले होते. शेवटी ते म्हणाले, "ताई, खुर्ची गेली. पण पाय आहेत अजून."

ज्यांनी त्यांना हरवले त्या मंत्र्यांच्या दाराबाहेर ते जाऊन बसू लागले. शिपाई हसायचे. ते बसायचे. अखेर मंत्र्यांनी आत बोलावून विचारले, "पंप बसवतो. पण श्रेय कोणाचं?"

"सगळं तुमचं. फोटोही तुमचा. फक्त एक करा. पाणी आधी महिनाभर येऊ द्या. उद्घाटन मग."

मंत्र्यांना वाटले, हरल्यापासून याच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण फुकटचे श्रेय कोण सोडतो? ते कबूल झाले.

पंप बसून महिना झाल्यावर उद्घाटन ठरले. मांडव, फीत, खुर्च्यांच्या रांगा, सगळे थाटात. आणि खुर्च्यांवर चिटपाखरू नाही! मंत्री लालबुंद झाले. "लोक कुठे आहेत?" मला घेऊन साहेब लोकांना बोलवायला वर गेले. घराघरातून नळांचा आवाज येत होता. ताई अंगणात चादरी धूत होत्या.

"ताई, चल की. पाण्याचं उद्घाटन आहे."

"पाणी येऊन महिना झाला. आता भाषण ऐकत बसू की चादरी धुऊ? तू आलायस तर हे टोक धर आणि पीळ."

साहेबांनी मला भिंतीवर ठेवले आणि चादरीचे टोक धरले. पिळता पिळता ते हसू लागले, आणि हसता हसता रडू लागले. ताईही रडल्या. खाली रिकाम्या खुर्च्यांपुढे भाषण सुरू झाले होते, पण वर ते कोणाला ऐकू येत नव्हते.

आता मी पंपघरात असतो. पाणी उशिरा येणार असेल तर पंपवाला माझ्यातून तसे खरे खरे सांगतो. मित्रांनो, माझ्यासारखा एखादा भोंगा तुमच्या हाती आला तर काम झाल्यावर त्याच्या बॅटऱ्या काढून ठेवा. आणि खटका दाबण्याआधी एकदा नळ सोडून बघा.