पान एकशे बारावरची पेन्सिलीची खूण

गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता निपाणीचे पद्मराज अनगोळातल्या आमच्या घरी आले. चहा येण्याआधीच त्यांनी मला पान एकशे बारावर उघडलं, पेन्सिलीच्या एका खुणेवर बोट ठेवलं आणि ती शाईने गिरवून दे म्हणाले. मागणी माझ्या मालकांकडे होती. पण खूण माझ्या अंगावर आहे, तेव्हा उत्तर द्यायचा पहिला हक्क माझा. माझं उत्तर: नाही.

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझ्यात हिशेब नाहीत, कविता नाहीत, कुणाचा अभ्यास नाही. माझ्यात रेल्वे इंजिनांचे नंबर आहेत. एकूण एक हजार आठशे शेहेचाळीस. हसू आलं तर हसा. माझ्यावर बरेच जण हसले आहेत आणि मी अजून शाबूत आहे.

१९८२ साली खासबागेतल्या एका बाइंडरने मला शिवलं. दोनशे पानं, जाड पुठ्ठा, पाठीला लाल कापड. त्याच गठ्ठ्यातल्या माझ्या बहिणी दुकानांत गेल्या, एक दूध डेअरीत गेली. मला माझे मालक भरमू घेऊन आले. ते तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि उद्यमबागेत लेथवर काम करत होते. रविवारी सुटी मिळाली की मला काखेत मारून ते रेल्वेच्या तिसऱ्या गेटावर जाऊन उभे राहायचे. फाटक पडलं की बाकीचे लोक वैतागायचे. भरमू ते पडायची वाट बघत असायचे.

तिथेच त्यांना पद्मराज भेटले. तेही चोवीस वर्षांचे, लॉ कॉलेजात शिकायला निपाणीहून आलेले. निपाणीला तेव्हा रेल्वे नव्हती. आजही नाही.

"तुमच्यात गाडी न्हाय म्हणून आमची बघायला येतोस व्हय?" भरमूंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"घरात टीव्ही न्हाय म्हणून शेजाऱ्याकडं जाऊन बसतोस की न्हाय?" पद्मराज म्हणाले. "तसंच हे."

त्या दिवसापासून मी दोघांची झाले.

माझा नियम पहिल्या महिन्यातच ठरला. एका रविवारी दोघांना उशीर झाला होता. फाटकवाल्याने गेलेल्या इंजिनाचा नंबर तोंडी सांगितला आणि भरमूंनी तो शाईने लिहिला. आठवड्याने कळलं की ते इंजिन त्या दिवशी लोंढ्याच्या शेडमध्ये दुरुस्तीला उभं होतं. दोघांना फार लागलं. मग त्यांनी माझ्या पहिल्या पानावर लिहिलं: स्वतः पाहिलं तर शाई. ऐकलं तर शिसपेन्सिल. प्रत्येक नोंदीपुढे दोन चौकोन आखले, एक 'भ'चा आणि एक 'प'चा. ज्याने पाहिलं त्याने आपल्या चौकोनात खूण करायची. वायपी म्हणजे प्रवासी गाडीचं इंजिन, वायजी म्हणजे मालगाडीचं. तारीख, वेळ, नंबर आणि तोंड कुठे, मिरजेकडे की लोंढ्याकडे. एवढंच लिहायचं. किती छान दिसलं, किती धूर होता, असलं काही नाही.

मी त्या वर्षांत उन्हात तापले, काजळीने काळी झाले. माझ्यावर चहा सांडला. पद्मराज शिक्षण संपवून निपाणीला परत गेले आणि घरच्या तंबाखूच्या वखारीत बसू लागले. तरी दर दुसऱ्या रविवारी ते बसने यायचे आणि त्यांच्या बोटांना येणारा तंबाखूचा वास माझ्या उजव्या कोपऱ्यांत मुरत गेला. एकदा सिग्नलसाठी गाडी थांबली असताना एक ड्रायव्हर खाली उतरला. त्याने मला चाळलं आणि म्हणाला, "आमच्या हापिसात बी एवढं नीट लिहीत न्हाईत." माझ्या आयुष्यातली शाबासकी तेवढीच. पुरेशी होती.

आता १३ जानेवारी १९९१. रविवार. वाफेची इंजिनं कमी होत चालली होती आणि त्या दिवशी दुपारी एक मालगाडी वाफेवर जाणार, अशी खबर भरमूंना शेडमधून मिळाली होती. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वायजी ३५१८ तिसऱ्या गेटावरून लोंढ्याकडे गेलं. ठरल्या वेळेच्या तासभर आधी. भरमूंनी नंबर लिहिला आणि आपली खूण केली. 'प'चा चौकोन मोकळा राहिला. पद्मराज सव्वादोनला पोचले. उसाचा हंगाम होता. कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांत त्यांची बस संकेश्वरला अडकली होती. निपाणीचा माणूस रेल्वे बघायला बसने येतो आणि बस उसाच्या मागे थांबते. यात कुणाचा दोष नाही. पद्मराज गेटाच्या कट्ट्यावर बसले, मला मागून घेतलं आणि आपल्या चौकोनात स्वतःच्या हाताने पेन्सिलीची खूण केली. कुणी सांगितलं नव्हतं. नियम होता.

त्यानंतर वाफेचं इंजिन माझ्यात नोंदलेलं नाही. पुढे रूळ रुंद झाले, डिझेल आलं. भरमूंनी डिझेलची चार पानं लिहिली आणि पेन ठेवलं.

मी भरमूंची पत्नी जयाबाई यांच्या पिठाच्या डब्याखाली गेले. किती वर्षं ते मोजलेलं नाही. मी तक्रार करत नाही. फरशी उंचसखल होती, डबा डुगडुगायचा, माझ्यामुळे तो थांबला. तेही कामच होतं. कसरीने माझ्या पहिल्या तीस पानांचे कोपरे खाल्ले. एकही नंबर तिच्या तोंडी लागला नाही.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत सून रूपालीने मला बाहेर काढलं. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिने मला मऊ फडक्याने पुसलं आणि जमिनीवर बसून संपूर्ण वाचलं. मग तिने ठरवलं की शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं. लोकांनी जपलेली पुठ्ठ्याची तिकिटं, गार्डाचा कंदील, रुळावर ठेवून चपटी केलेली दहा पैशांची नाणी, फोटो आणि मधोमध काचेखाली मी. रविवारी अकरा वाजता. तिने पद्मराजांना फोन केला. ते म्हणाले, "शेवटचं वाफेचं इंजिन आम्ही दोघांनी बघितलंय गं." तिने बोर्ड छापून घेतला: 'शेवटचं इंजिन, दोन साक्षीदार'. त्यानंतर तिने पान एकशे बारा नीट पाहिलं आणि पुन्हा फोन केला. "अण्णा, इथं तुमची खूण पेन्सिलीची कशी?"

म्हणून गुरुवारी पद्मराज आले होते.

"बारीक खूण हाय, भरम्या," ते म्हणाले. "वरून पेन फिरव. कुणाचं काय जातंय?"

"तू तवा संकेश्वरात हुतास," भरमू म्हणाले.

"मी कुठं हुतो ते मला ठाऊक हाय."

"मग?"

पद्मराजांनी चष्मा काढला. "चौतीस वर्षं सांगतोय रं. आधी सांगायचो, बघायला निघालतो. मग कधीतरी सांगितलं, बघितलं. कधी, ते ध्यानात न्हाय. आता डोळं मिटलं की मला धूर दिसतोय. नंबर दिसतोय. ऊस दिसत न्हाय."

रूपाली म्हणाली, "अण्णा, बोर्ड मी बदलते. उद्यापर्यंत होईल."

"बोर्ड बदलशील गं. निपाणीत माझं तोंड कोण बदलणार? रविवारी घरची, व्याही, वखारीतली, दोन गाड्या भरून येणार हाईत. काचेत वाकून बघतील की सगळी."

जयाबाई चहा घेऊन आल्या. "तीस वर्षं ती वही माझ्या पिठाच्या डब्याखाली हुती," त्या म्हणाल्या. "तवा कुणाला खरं-खोटं सुचलं न्हाय. आता दोघं म्हातारं होऊन कोर्ट मांडून बसलाय."

"वहिनी, मी वकील हाय. कोर्ट मांडणारच."

"एक केस तरी चालवली काय?"

"हीच पहिली," पद्मराज म्हणाले.

भरमू म्हणाले, "न्हाय. दुसरं काय बी माग."

मला आनंद झाला, हे लपवत नाही. माझा मालक माझ्या बाजूने उभा होता. तेवढ्यात पद्मराज शांतपणे म्हणाले, "मग पान एक्केचाळीस काढ."

भरमूंनी काढलं.

"वायपी २४७१. शहाऐंशीची पाच ऑक्टोबर. तुझ्या चौकोनात शाई हाय. तू नंबर बघितलास?"

भरमूंनी त्या खुणेवर अंगठा ठेवला.

"इंजिन जवळ आलं आणि तुझ्या डोळ्यात कोळसा गेला. तू डोळा धरून गोल गोल फिरत हुतास. नंबर मी वाचला. मी सांगितला, तू लिहिलास, आणि खूण ठोकलीस. शाईनं."

मित्रांनो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी एवढा वेळ ताठ मानेने बोलत होते, पण ही गोष्ट मला ठाऊक होती. एकोणचाळीस वर्षं मी ती खूण अंगावर वागवली. ती इतर खुणांसारखीच दिसते, तीच शाई, तोच हात. कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही. न विचारता गप्प राहणं म्हणजे खरं बोलणं, असं मी धरून चालले होते. गुरुवारी तो समज मोडला.

"तवा का बोलला न्हाईस?" भरमूंनी विचारलं.

"दोस्त हुतास म्हणून."

"आणि आज?"

"आज बी हाईस. म्हणून तर मागतोय. तू एक घेतलीस, मला एक दे. फिटलं."

चहा निवला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. सदुसष्ट वर्षांच्या भरमूंना आता जवळचं नीट दिसत नाही. ते उठले, खिडकीपाशी गेले, मला चौकटीवर टेकवलं आणि पान एक्केचाळीसवरच्या आपल्या खुणेवर आडवी रेघ मारली. रेघ थोडी वाकडी गेली. समासात त्यांनी लिहिलं: 'डोळ्यात कोळसा. नंबर पद्मूने वाचला.' खाली गुरुवारची तारीख घातली आणि सही केली.

"अरे, मी हे कुठं सांगितलं तुला?" पद्मराज उभे राहिले. "तुझी खोड म्हणालो न्हाय मी. माझी कर म्हणालो."

"तुझी मी कशी करू? चौकोन तुझा हाय." भरमूंनी मला मिटलं आणि पेनासकट त्यांच्या हातात दिलं. "घरी घेऊन जा. वही तुझी बी हायच. काय करायचं ते तू कर. रविवारी जशी देशील तशी काचंखाली ठेवू. मी तोंड उघडणार न्हाय."

"भांडून घालवतोस व्हय मला?"

"भांडायचं असतं तर पेन दिलं असतं काय?"

जयाबाईंनी मला धुतलेल्या कापडी पिशवीत घातलं. "मागच्या पुठ्ठ्यावर पिठाचा डाग हाय," त्या पद्मराजांना म्हणाल्या. "कुणी विचारलं तर तो माझा म्हणून सांगा. त्यात लबाडी न्हाय."

पद्मराजांनी दोनची बस धरली. मी त्यांच्या मांडीवर होते. संकेश्वर आलं तेव्हा ते खिडकीतून बाहेर बघत होते. महामार्ग आता मोठा झाला आहे, बस थांबली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात की आम्हाला जपा, आम्ही थकलो आहोत. मी थकलेली नाही आणि मला कुणाची कीव नको. तुमच्या घरात डब्याखाली, माळ्यावर माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला पुसा, सावलीत वाळवा, कसर झटका. पण तेवढ्यावर थांबू नका. तिला वाचा. आत लिहिलेलं तुमच्या आजोबांच्या गोष्टीशी जुळलं नाही, तर दोन्हींना समोरासमोर बसवा. वहीला गप्प करणं सोपं असतं, तिला तोंड नसतं. माझ्या अंगावर आता एक खाडाखोड आहे. लोक म्हणतील, वही खराब झाली. म्हणोत. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांत माझ्यावर मारलेली सगळ्यात खरी रेघ तीच आहे, आणि काचेखाली मला ठेवायचं असेल तर तिच्यासकट ठेवावं लागेल. मी गप्प राहायचं ते राहून झालं.

शुक्रवारी दिवसभर मी पिशवीतच होते. आज शनिवार. दुपारी चार वाजता रूपालीचा फोन आला. बोर्ड बदलायला छापखाना सहापर्यंतच उघडा आहे, काय करू, असं तिने विचारलं. पद्मराज म्हणाले, "अर्ध्या तासात सांगतो." त्याला आता तास होऊन गेला आहे.

त्यांनी मला टेबलावर उघडलं आहे. आधी पान एक्केचाळीस बराच वेळ पाहिलं, समासातला मजकूर ओठ हलवत दोनदा वाचला. मग पान एकशे बारा काढलं. भरमूंचं पेन शेजारी आहे, टोपण काढलेलं. पाच वाजता त्यांनी आतल्या खोलीत हाक मारून खोडरबर मागितला. पेन्सिलीची खूण पुसून ते तिच्या जागी शाई भरणार आहेत की चौकोन मोकळा सोडणार आहेत, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. खोडरबर अजून आलेला नाही.