घासलेल्या हातांची मुलाखत

मुलाखत सकाळी अकराला होती. ताईने नऊपासूनच त्याला खुर्चीतून उठबस करायला लावलं.

"बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही. खुर्ची वाजवायची नाही. आणि पाय हलवू नकोस, शिवणयंत्र नाहीये ते."

"बरं."

"बरं नाही. हो सर, हो मॅडम."

ताई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. सुजलेल्या गालाची, वैतागलेली माणसं ती रोज गोड बोलून बसवून ठेवायची. तेव्हा अदब कशाशी खातात हे घरात तिलाच काय ते ठाऊक. भावाला गॅरेजमध्ये सगळे बारा-तेरा म्हणायचे, कारण त्या मापाचा पाना कायम त्याच्या खिशात. नऊ वर्षं गाड्यांखाली पडून शिकलेला गडी, सर्टिफिकेट शून्य. आता उस्ताद महिनाअखेर गॅरेज बंद करून मुलीकडे राहायला चालले होते. हातात कागद नसलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार? एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने तेवढं बोलावलं होतं. काम काउंटरवरचं. गिऱ्हाईकाशी बोलायचं, गाडीची तक्रार लिहून घ्यायची. हे हुकलं तर नऊ वर्षांचं मुसळ केरात.

म्हणून दोघांनी तयारीत काही कसर ठेवली नाही. फिकट निळा नवा शर्ट, घडीच्या रेषा इस्त्रीने मोडलेल्या. गडद पँट. भावोजींचा पट्टा, एक जादा भोक पाडून. हातांना दोन दिवस धुण्याची पावडर आणि साखर चोळली. तरी नखांच्या कडेचं काळं हटेना, तेव्हा ताईने दाताचा जुना ब्रश आणला.

"दुखतंय गं."

"दुखू दे. आमचे पेशंटही हेच म्हणतात."

अकराला पाच कमी असताना त्याला आत बोलावलं. काचेची खोली, थंडगार. टेबलामागे मॅनेजरबाई आणि टाय लावलेले एक साहेब. त्याने दार हळू लावलं. इथवर सगळं ताईच्या हुकमाप्रमाणे. मग बाई उठल्या, हसल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

गॅरेजमध्ये हात सदा ग्रीसने माखलेला. कुणी हात मिळवायला आलं की आपण मूठ वळून मनगट पुढे करायचं, समोरच्याने तेच धरून हलवायचं. नऊ वर्षांची सवय ती. त्याने मूठ वळली, खाली वाकवली आणि अख्खं मनगट बाईंच्या हाती दिलं.

बाई नाडी बघावी तशा ते धरून उभ्या.

"हाताला लागलंय का काही?" टायवाल्यांनी विचारलं.

"नाही सर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ताईने शिकवलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं, राहिलं तेवढं खरं. "गॅरेजमध्ये हात काळे असतात ना मॅडम, म्हणून मनगट देतो आम्ही. समोरच्याचा हात खराब नको. आज घासून आलोय, पण हाताला ते अजून पटलेलं नाही."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. टायवाल्यांचं काही हललं नाही. "बसा. इथे गिऱ्हाईक इस्त्रीच्या कपड्यांत येतं," ते म्हणाले. "समजा मी गिऱ्हाईक. गाडी तिसऱ्यांदा आणलीय, आवाज जात नाही आणि माझं डोकं फिरलंय. काय बोलाल?"

ताईचं वाक्य पाठ होतं. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. अगदी जिभेवर आलं. पण तिसऱ्यांदा आलेल्या माणसाने ते दोनदा ऐकलेलं असणार.

"सर, आवाज वळताना येतो की ब्रेक मारताना?"

"माफी नाही मागणार?"

"मागेन ना. पण आधी तुमच्याबरोबर गाडीत बसून आवाज ऐकतो. मागच्या दोन वेळा कुणी बसलं होतं का शेजारी?"

टायवाल्यांनी बाईंकडे पाहिलं.

"बोला की," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक तुम्ही आहात."

"नव्हतं बसलं. लिहून घेतलं होतं नुसतं."

"मग कसा सापडेल, सर? आवाज कागदावर येत नाही. चला, एक चक्कर मारू." असं म्हणत हा खरंच उठला, आणि खुर्ची मागे कर्रकन ओरडली. संपलं, त्याला वाटलं.

"आमच्या काउंटरवर तिघं आहेत," बाई टायवाल्यांना म्हणाल्या. "खुर्ची कुणाचीच वाजत नाही. उठतच नाही ना कुणी."

टायवाल्यांनी त्याचा कागद उलटसुलट केला. "सर्टिफिकेट नाही तुमच्याकडे."

"नाही सर. उस्तादांचा नंबर देतो, त्यांना विचारा. खोटं बोलणार नाहीत, उलट शिव्याच जास्त देतील."

"सोमवारपासून या. तीन महिने बघू. कॉम्प्युटरवर फॉर्म भरायला शिकावं लागेल. बोलणंही सुधारावं लागेल."

"हो सर," तो म्हणाला. ते मात्र नीट आलं.

बाहेर रस्त्यावर येऊन त्याने ताईला फोन लावला. ती दबक्या आवाजात सुरूच झाली.

"सांगायच्या आधी बसलास का?"

"नाही."

"पाय हलवलास?"

"टेबलाखाली होता. दिसला नसेल."

"मग काय म्हणाले?"

"सोमवारपासून ये म्हणाले. तीन महिने बघणार आहेत."

मग ताई दवाखान्याच्या गोड आवाजात कुणालातरी म्हणाली, "दोन मिनिटं बसा हं काका, डॉक्टर येतीलच." दार ओढल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर तिचा खरा आवाज.

"बघू देत. बघायला काय जातंय त्यांचं. संध्याकाळी लवकर ये, अजून दोन शर्ट घेऊ. एकावर किती दिवस काढशील?"