कावळ्यांच्या टेकडीचे चार मीटर

"परत हरले! नवव्यांदा! मी गाढव आहे की तुझी ही लढाईच गाढव आहे, ते एकदा सांगून टाक."

बोडिलनं गार झालेल्या कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "पहाट होते, शत्रू साकवावरून येतो, आणि मला तो दिसतो तेव्हा माझ्या शेकोटीवर हात शेकत असतो. तिसऱ्या डावात खेळ खलास. असला खेळ कोण विकत घेणार? तुझी आई तरी घेईल का?"

"खरंच तसं झालं होतं," टॉर्किल मान वर न करता म्हणाला.

"खरं असलं म्हणून मजेदार होत नाही, राजा."

मित्रांनो, ही कुरकुर मी अगदी जवळून ऐकली, कारण ती माझ्याच अंगावर वाकून चालली होती. मी एक जुना नकाशा आहे. भिंतीवर टांगायचा नव्हे, घडी घालून खिशात ठेवायचाही नव्हे. संगणकावर लढाईचे खेळ खेळतात ना, त्यातलं रणांगण म्हणजे मी. आमच्यात दहा-बारा वर्षं झाली की म्हातारपण आलं म्हणायचं. आता मला फारसं कुणी उघडत नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. ज्याच्या पोटात खोटं असतं, त्याला अंधार बरा वाटतो. नकाशाला कान कुठून आले, असं मात्र विचारू नका. ज्याच्याकडे इतकी माणसं तासन्‌तास टक लावून बघतात, त्याला हळूहळू ऐकूही यायला लागतं.

माझा जन्म खोटा नव्हता. एवढं तरी मला सांगू द्या.

डेन्मार्कच्या जटलंड भागात एल्सबेक नावाचं एक लहान गाव आहे. १८६४च्या युद्धात त्या गावाबाहेरच्या कावळ्यांच्या टेकडीवर तेरा डॅनिश शिपायांचा पहारा होता. त्यांचा हवालदार लाउरित्स त्याच गावचा. टेकडीपलीकडे ओढा आणि ओढ्यावर लाकडी साकव. एका पहाटे शत्रूचे, म्हणजे प्रशियाचे, सैनिक चोरपावलांनी साकव ओलांडून आले. पाच पहारेकरी मेले, हवालदारासकट आठ जण कैद झाले, आणि दुपारपर्यंत गाव पडलं. मोठ्या युद्धातली ही अगदी छोटी चकमक. तिच्या वाट्याला पुस्तकात दीड ओळ आली तरी नशीब म्हणायचं.

पण टॉर्किलला अशाच दीड ओळींचं वेड. खेळांसाठी रणांगणं आखणं हाच त्याचा धंदा. मला घडवायला तो एल्सबेकच्या एका शेतावर खोली घेऊन अकरा दिवस राहिला. सायकल, मोजपट्टी, उंची सांगणारं यंत्र आणि जमीनमोजणीचा जुना कागद एवढं सामान. प्रश्न विचारून विचारून त्यानं गावकऱ्यांना भंडावून सोडलं. हे कुंपण तेव्हा होतं का? हे तळं कधी बुजवलं? इथे चिखल कुठल्या महिन्यात होतो? कावळ्यांच्या टेकडीवर तर तो चक्क पालथा पडला. मग गुडघ्यांवर बसला, उभा राहिला, शेवटी टाचा उंच करून पाहिलं. टेकडी आणि ओढा यांच्यामध्ये जमिनीला एक फुगवटा आहे, बसलेल्या गाईच्या पाठीसारखा. त्याच्याआड साकव लपतो. टॉर्किलनं वहीत लिहिलं, 'टेकडीवरून साकव दिसत नाही. बिचारा लाउरित्स.' आणि लिव्हरचा लगदा फासलेला राईचा काळा पाव खात तो बराच वेळ तिथेच बसून राहिला.

घरी येऊन त्यानं मला मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी घरांमध्ये विभागलं. एका घराला एकच रंग, एकच आकडा. हिरवं ते रान, पिवळं ते शेत, करडी ती पाणथळ. आकडा म्हणजे उंचीची पायरी, दर चार मीटरला एक. कावळ्यांच्या टेकडीला त्यानं तीन पायऱ्या दिल्या. मोजून दिल्या. त्या दिवसांत मला कुणी विचारलं असतं, तर मी छाती फुगवून सांगितलं असतं की माझ्या अंगावरचा दगडसुद्धा खरा आहे.

बोडिल त्याची बायको, आणि त्याच्या प्रत्येक खेळाची पहिली गिऱ्हाईक. ती जिंकली-हरली की तिच्या चेहऱ्यावरून टॉर्किलला खेळाचा अंदाज यायचा. नवव्यांदा हरल्यावर कप विसळता विसळता ती सहज म्हणाली, "टेकडी जरा वर घे ना. एकच पायरी. कोण मोजायला जातंय एल्सबेकला?"

ती थट्टेनं म्हणाली होती. टॉर्किल हसला नाही. खेळ बाजारात जायला दोन आठवडे उरले होते. तीन दिवस तो माझ्यासमोर नुसता बसून होता. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, तोंडात घास असतानाच, त्यानं एक कळ दाबली. तिनाचे चार झाले.

मला काही दुखलं नाही, मित्रांनो. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

दहाव्या वेळी बोडिल जिंकली आणि खोलीभर नाचली. आता टेकडीवरून साकव स्वच्छ दिसत होता. शत्रूनं फळीवर पाय ठेवला की पहारेकरी गोळी झाडायचे, गाव जागं व्हायचं, लढाई रंगायची. "बघ, आता कसा जीव आला!" ती म्हणाली. टॉर्किल हो म्हणाला आणि वही कपाटाच्या तळाच्या खणात ठेवून आला.

माझं फार कौतुक झालं. एका जत्रेत, म्हणजे खेळ करणाऱ्यांच्या जत्रेत, मला बक्षीस मिळालं. 'इतकं प्रामाणिक रणांगण आजवर झालं नाही,' असं तिथल्या परीक्षकानं व्यासपीठावरून सांगितलं. प्रामाणिक! टाळ्या वाजत होत्या आणि टॉर्किल बुटांकडे बघत होता. लोकांना वाटलं, केवढा विनयशील माणूस!

मग एक दिवस खेळणाऱ्यांच्या चावडीवर, तीही संगणकावरचीच, कुणीतरी लिहिलं, 'ही लढाई मी पंचवीस वेळा खेळलो. टेकडीवरून साकव लख्ख दिसतो. मग तो हवालदार काय करत होता? घोरत होता?' खाली चाळीस जणांनी हसून घेतलं. महिन्याभरात त्याला 'झोपाळू लाउरित्स' हे नाव पडलं. कुणी त्यावर लेख लिहिला, कुणी लेखावर लेख. दीड ओळीच्या चकमकीला आता एक गुन्हेगार मिळाला होता.

टॉर्किलनं ते सगळं वाचलं. उत्तर म्हणून तीन ओळी लिहिल्या आणि पुसल्या.

"लिहिलंस का?" बोडिलनं विचारलं.

"पुढची आवृत्ती निघेल तेव्हा दुरुस्तच करतो."

"कधी निघेल?"

"निघेल गं."

ती निघाली नाही. नवे खेळ आले, नवे नकाशे आले, त्यांच्यावर खरं गवत हलायचं आणि पाण्यात ढग दिसायचे. मी मागे पडलो. माझ्या अंगावरचं खोटं मात्र पुढे चालत गेलं.

ते एल्सबेकला पोचलं. खेळ खेळलेली माणसं हौसेनं ती टेकडी बघायला यायला लागली आणि वर चढून म्हणायला लागली, "हे काय, इथून तर काहीच दिसत नाही!" हिरमुसून परत जायची. गावच्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष प्रेबेन हा उत्साही गृहस्थ. त्यानं खटपट करून टेकडीवर लाकडी मचाण बांधलं. चार मीटर उंच! त्यावर चढलं की साकव दिसायचा, अगदी खेळातल्यासारखा. पाहुणे खूश, खालचा आइस्क्रीमवाला खूश. गावातलं शेंबडं पोरसुद्धा रोज त्या टेकडीवरून सायकल हाणत जायचं, टेकडी केवढी आहे हे सगळ्यांच्या पायांना ठाऊक होतं. पण कुणी बोललं नाही. इतक्या लांबून माणसं येतात, तज्ज्ञानं मोजलेलं आहे, आपण कशाला तोंड घाला? माझं खोटं आता खऱ्याखुऱ्या लोखंडी खिळ्यांनी ठोकून पक्कं झालं.

मित्रांनो, आमची निगा राखा, असं सगळ्याच जुन्या वस्तू तुम्हांला सांगत असतील. मला धुळीची भीती नाही. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी नकाशे आखाल, खेळ रचाल, तेव्हा खेळासाठी जमीन हलवावी लागेल. हलवा. पण जिथे हलवलीत तिथे खाली एक ओळ लिहून ठेवा, 'हे आम्ही बदललं आहे.' एक ओळ पुरते. माझ्यावर ती लिहायला कुणाला वेळ झाला नाही.

त्या ओळीवाचून कुणाचं अडलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

चकमकीला दीडशे वर्षं होणार होती. एल्सबेकमध्ये तेरा पहारेकऱ्यांच्या नावांचा दगड उभा करायचा ठरला, आणि दगडावर काय कोरायचं हे ठरवायला रविवारी दुपारी गावच्या सभागृहात बैठक भरली. प्रेबेननं टॉर्किल आणि बोडिलला मानाचे पाहुणे म्हणून बोलावलं. गाडीत दोघं तीन तास एकमेकांशी फक्त रस्त्याबद्दल बोलली. मला समोरच्या पांढऱ्या भिंतीवर, दिव्याच्या झोतात, पुरुषभर उंच करून लावलं. टेबलांवर कॉफीचे थर्मास आणि थरांचा केक होता. केक डॅग्नीबाईंनी केला होता. लाउरित्स त्यांचे पणजोबा.

"आपल्या गावाला जगाच्या नकाशावर आणणारे टॉर्किल आज आपल्यात आहेत!" प्रेबेन म्हणाला.

"आधी बसच्या नकाशावर आणा म्हणावं," मागून आवाज आला. "दिवसातून दोनदा येते मेली."

हशा झाला. मग प्रेबेननं घसा खाकरला. "तर, नावं. मंडळाचं असं मत पडलं की दगड सगळ्या गावाचा, त्यावर वाद नको. लाउरित्सचं नाव तूर्त वगळावं. शिवाय बारा नावं दोन रांगांत छान बसतात."

"तेरावं नाव रांगेत बसत नाही, म्हणून माणूस झोपला होता होय रे, प्रेबेन?" डॅग्नीबाई केक कापता कापता म्हणाल्या.

"तसं कुणी म्हणत नाही, मावशी."

"बसमध्ये म्हणतात. माझ्या धाकट्या नातीला 'झोपाळूची पोर' म्हणतात. परवा विचारत होती, आजी, आपलं घराणं झोपाळू आहे का? म्हटलं, जेवणानंतर आहे. पहाऱ्यावर नाही."

कुणी हसलं आणि लगेच थांबलं. प्रेबेननं भिंतीकडे हात केला. "आता नकाशाच समोर आहे. टेकडीवरून साकव दिसतो. आम्ही तरी काय करणार?"

"मचाणावरून दिसतो."

"मावशी, दीडशे वर्षं नांगर फिरलाय त्या टेकडीवर. माती वाहून जाते. तेव्हा ती उंच असणार."

"चार मीटर माती? गेली कुठं? माझ्या परसात तर आली नाही."

मागच्या रांगेत एक शेतकरी होता. त्याचा ट्रॅक्टर रोज त्या टेकडीवरून जायचा. तो आपल्या कपात काहीतरी शोधत बसला. त्याच्या शेजारचाही.

"आपण तज्ज्ञांनाच विचारू ना," प्रेबेन सुटका झाल्यासारखा म्हणाला.

टॉर्किल उठला. "असं आहे," त्यानं सुरुवात केली, "की जुनी साधनं अपुरी असतात. आणि खेळाची रचना करताना उंची ही, म्हणजे, पायऱ्यांमध्ये धरावी लागते. काही ठिकाणी समतोल..." तो बोलत राहिला. एकही शब्द खोटा नव्हता आणि एकही खरा नव्हता. बोडिलनं डोळे मिटून घेतले.

"म्हणजे नक्की सांगता येत नाही," प्रेबेननं समारोप केला. "मग बारा नावांच्या बाजूनं हात वर करा."

एक हात वर गेला. दुसरा गेला. खुर्च्या करकरल्या, आणखी चार-पाच हात अर्धवट उठले. डॅग्नीबाई कुणाकडेच बघत नव्हत्या. त्यांनी केकचा एक मोठा तुकडा बशीत ठेवला आणि ती बशी टॉर्किलच्या पुढ्यात सरकवली.

"तुम्ही काहीच खाल्लं नाहीत. एक विचारू? तुम्ही माझ्या भावाच्या शेतावर उतरला होतात. तो वारला आता. तो सांगायचा, पाहुणा टेकडीवर दिवसभर पालथा पडलेला असतो, आजारीबिजारी आहे की काय कोण जाणे. तेव्हा मचाण नव्हतं."

"नव्हतं," टॉर्किल म्हणाला.

"मग त्या दिवशी काय दिसलं तुम्हांला?"

वर गेलेले हात तसेच राहिले. टॉर्किलनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्या सभागृहानं माझ्याकडे पाहिलं. माणसाला निदान मान खाली घालता येते. भिंतीवर लावलेल्या नकाशाला तेही जमत नाही. मी माझी ती चार पायऱ्यांची टेकडी घेऊन लख्ख उजेडात उभा होतो.

"साकव दिसत नव्हता," टॉर्किल म्हणाला. "पालथं पडून नाही, उभं राहून नाही, टाचा उंच करून नाही. टेकडी मी उंच केली, डॅग्नीबाई. घरी बसून. खेळ कंटाळवाणा होत होता म्हणून."