भट्टीपुढचा घोडेस्वार

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पाटी आहे. भोसरीतल्या एका ओतशाळेत, भट्टीपासून जेमतेम दहा पावलांवर माझा मुक्काम आहे. पितळ कसं वितळतं, ते मी रोज पाहते आणि रोज जीव मुठीत धरून बसते.

माझा जन्म फार दूरचा. जर्मनी आणि पोलंडच्या सीमेवर एका उमराव घराण्याचा वाडा होता. त्याच्या दारावर मी मिरवायचे. माझ्यावर त्या घराण्याची खूण कोरलेली आहे: घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेला स्वार. दर शनिवारी मला घासूनपुसून लख्ख करत. मला थोडी शिष्टपणाची बाधाही झाली होती, ती मी नाकारत नाही.

मग मोठं युद्ध झालं. ते संपलं तेव्हा सीमाच सरकली आणि उमरावांना एका सकाळी गाडीत मावेल तेवढं घेऊन निघावं लागलं. मी दारावरच राहिले. वाड्यात नवी माणसं आली. तीही बिचारी कुठून तरी उठवलेलीच होती. माझ्यावरच्या जर्मन खुणेमुळे आपल्यावर बालंट येईल, या धास्तीने त्यांनी मला डांबरी रंग फासला. काळोखात मी कित्येक वर्षं काढली. पुढे वाड्याचं छप्पर कोसळलं, चोरांनी मला पहारीने उचकटलं आणि भंगाराच्या कंटेनरमधून मी इथे येऊन पडले.

इथे सोजरबाई भंगार निवडतात. धातू ओळखायला त्या वस्तूच्या कोपऱ्यावर कानस मारतात. माझ्यावर मारली, पिवळं दिसलं आणि मला मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, जाणाऱ्या ढिगाऱ्यात टाकायला त्यांनी हात उचलला. मी मनातल्या मनात किंचाळले. तेवढ्यात रंगाचा पोपडा निघाला आणि घोड्याचं तोंड दिसलं. त्यांनी पदराने खसाखसा पुसलं, तलवार दिसताच मला कपाळाला लावलं.

"खंडेराया, आलास व्हय रं," एवढंच त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

लातूरकडच्या भूकंपात त्यांचं घर गेलं होतं. देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक, म्हणजे देवाची मूर्ती उठवलेला छोटा पत्रा, ढिगाऱ्यात गाडला गेला, तो सापडलाच नाही. त्या दिवसापासून मी कोनाड्यात बसले, माझ्यावर भंडारा पडू लागला. सुपरवायझर सुजितसुद्धा जाता-येता हात जोडायचा. मला मात्र घास गोड लागेना. दुसऱ्याच्या देवाच्या जागी मी बसले होते आणि खरं कळलं की मूस ठरलेली होती.

ते कळलं एका दुपारी. सुजितची बायको विजयश्री चाकणच्या कंपनीत काम करते, तिला जर्मन वाचता येतं. सुट्टी होती म्हणून ती डबा घेऊन आली. तिने मला उलटं केलं, मागे कोरलेली जर्मन अक्षरं वाचली आणि मोबाइलवर शोधाशोध केली. तो पडका वाडा तिला सापडला. तिथले गावकरी आता वाड्याच्या हरवलेल्या वस्तू शोधत होते, कोण कुठे राहत होतं ते लिहून काढत होते.

"मावशी, हा खंडोबा नाही," ती हळूच म्हणाली.

सोजरबाई खाली बसल्या. सुजितने चिमटा उचलला. त्या दिवशी पितळ कमी पडत होतं. देव नसेल तर टाकू का मुशीत, असं त्याने विचारलं. भट्टीची धग माझ्या अंगाला लागत होती. सोजरबाई मग उठल्या आणि भट्टीच्या आणि माझ्या मध्ये उभ्या राहिल्या.

"देव नसंना का. ज्येचा हाय त्येला धाडा. आमचा टाक बी कुनाला तरी गावला असंल. त्यानं तो मुशीत घातला, तर मी काय करावं?"

सुजितने चिमटा ठेवला. विजयश्रीने त्या गावाला पत्र लिहिलंय, उत्तर अजून यायचंय. मी सोजरबाईंच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली आहे. भट्टी पेटली की अजून थरथरते.

मित्रांनो, कुणाची जुनी वस्तू हाती लागली तर फेकण्याआधी एकदा विचारा, ही कुणाची. कुठेतरी एखादी सोजरबाई तिची वाट पाहत असेल.